फणसासाठी चिन्ह नाही

चौदा दिवस फुकट, असं स्क्रीनवर लिहिलंय.
आज तिसरा.
कुडचड्याच्या दुकानात, गाद्यांच्या थप्पीमागे
मी पहिल्यांदा एक मैदान उघडते:
पांढरं, राखाडी चौकटींचं.
गवत नाही, उतार नाही, मुंगळे नाहीत.

आधी विचारतं, जागा केवढी.
शाबलोनं मोजून आणलीय, सुंभाच्या दोरीनं,
दर पाच फुटांवर एक गाठ.
लांबीला चोवीस गाठी, रुंदीला सोळा,
"आणि वर थोडं."
'वर थोडं' कुठल्या रकान्यात घालायचं ते सापडत नाही.
एकशे वीस, ऐंशी. एंटर.

मग टेबलं. गोल, आठ खुर्च्यांची.
पहिलं उचलून सोडलं
तर खसखशीचा दाणा सांडावा तसं पडलं
एवढ्या मोठ्या मैदानात.
तरी मी नेटानं तीस दाणे पेरले.
घनश्यामबाब मागून वाकून म्हणाले,
"लग्न चांदरला आहे ना? की विमानतळावर?"

मीटर होते ते.
वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात,
निमूट बसलेले.
फूट केले
आणि टेबलं पुऱ्यांसारखी टम्म फुगली,
एकमेकींच्या अंगावर चढली.

बिलं लिहिण्यात नऊ वर्षं गेली माझी.
खुर्च्या दोनशे चाळीस, भाडं, फुटतूट वेगळी.
त्या कुठे ठेवतात हे मला कधी दिसलंच नव्हतं.
दोन खुर्च्यांच्या पाठींमधून
ट्रे घेतलेला माणूस जायला
किती जागा लागते,
हे मी दुकानातच दोन खुर्च्या मांडून,
हातात कॅलेंडर आडवं धरून, चालून पाहिलं.

नवरीच्या आईचा फोन आला.
एस्पेरान्सबाय दम न घेता बोलतात:
नाचायला जागा ऐसपैस हवी,
म्हाताऱ्यांना बॅंडच्या भोंग्यापासून लांब,
आणि कायतान आणि सेबास्त्यांव
एकमेकांना दिसता कामा नयेत.
सख्खे भाऊ. कुंपणाच्या भिंतीवरून कोर्टात.
दोन टेबलांत किती अंतर ठेवावं
ते सॉफ्टवेअर सांगतं. दोन भावांत किती, ते नाही.
मी मध्ये केक ठेवला,
पाच मजली.

यादीत खांब आहे, जिना आहे,
कुंडीतलं पाम आहे, पियानोसुद्धा आहे.
मैदानाच्या मधोमध उभ्या फणसासाठी चिन्ह नाही.
मी एक गोल खांब घेतला, तीन फुटी,
त्यावर 'फणस' लिहिलं,
आणि भोवती सहा फूट रिकामे सोडले.
लग्न मे महिन्यात आहे,
आणि फणस आमंत्रण बघून पडत नाही.

सातव्या दिवशी छापून शाबलोला दिलं.
त्यानं कागद फिरवला. उलटा.
मी म्हटलं, अरे, स्टेज वर.
तो म्हणाला, "तुझं वर. आम्ही मागून येतो."
स्वयंपाकाची बाजू त्यानं पोटाशी घेतली,
चुलीवर बोट ठेवलं,
आणि सावकाश फुंकर मारली, पश्चिमेकडून.
त्याचं बोट धुरासारखं निघालं,
केकवरून, दोन्ही भावांवरून,
थेट नवरीच्या खुर्चीपर्यंत.

मी काही बोलले नाही.
चुली उचलून पूर्वेला नेल्या,
जनरेटरही सरकवला, मग केबल अपुरी पडली,
मग पुन्हा सगळं.

जाताना दारात थांबून त्यानं विचारलं,
"ते वरचं थोडं? ते घातलं नाहीस?"
काय असतं तिथे?
"शेवटची पंगत उठल्यावर
आम्ही जेवतो तिथे."

एकशे वीसचे मी एकशे अठ्ठावीस केले.
नवी पट्टी उघडली, पांढरी, चौकटींची.
लगेच विचारलं त्यानं: टेबल जोडायचं?
नको.
ते खालीच बसतात.